गुंजन कुठी हाय

४ एप्रिल

पोचले एकदाची. पुलगाव स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन असं होतं की बॅगेचं हँडल धरवेना. मनोहरराव स्वतः गाडी घेऊन आले होते. पुण्याच्या कंपनीत माझ्यासोबत काम करणारी त्यांची भाची, तिच्या ओळखीने हे काम मिळालं. त्यांचं नाचणगावात मंगल कार्यालय आहे, पुलगावला अगदी खेटून. त्याची वेबसाइट नव्याने करायची. फोटो निवडण्यापासून सगळं इथे बसूनच करा, असा त्यांचा आग्रह होता. मलाही कंपनी सोडल्यापासून पुण्यातल्या त्या खोलीत बसवत नव्हतं. म्हटलं, चला.

हॉलच्या वर मला खोली दिली आहे. भला मोठा कूलर, खिडकीला वाळ्याचा पडदा, खिडकीतून कपाशीची मोकळी रानं. गोपिकाबाईंनी, म्हणजे मनोहररावांच्या पत्नीने, जेवायला सांबारवडी केली होती. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, हे मला ताटात हात घातल्यावर कळलं. मी चार खाल्ल्या आणि वर कढीही प्यायले. नाशिकला आईला फोन करून सांगितलं, इथून मी जाड होऊनच परत येणार.

६ एप्रिल

जुनी वेबसाइट पाहिली. उघडली की आधी सनई वाजते, मग गुलाबाच्या पाकळ्या पडतात, मग एक सोनेरी कमान हळूहळू उघडते. फोन नंबर शोधायला मला बराच वेळ लागला. तो एका फोटोतल्या बॅनरवर छापलेला निघाला.

मनोहररावांना मात्र ती जीव की प्राण. आज दुपारभर आमची त्यावरच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, लग्नाचं घर आहे, भपका हवाच. मी म्हटलं, भपका ठेवू, पण माणूस ही साइट एसटी स्टँडवर उभा राहून, एका हातात पिशवी धरून उघडतो. रेंज अर्धी असते. त्याला तारीख रिकामी आहे का, गाड्या कुठे लावायच्या आणि फोन कुणाला करायचा एवढंच हवं असतं. कमान उघडेपर्यंत तो दुसऱ्या हॉलला फोन लावून मोकळा होतो. शिवाय गूगलला कमान दिसतच नाही. त्याला चित्र कळत नाही, शब्द कळतात. प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे हे लिहावं लागतं, तेव्हा कुठे शोधणाऱ्याला ते सापडतं. अंध माणसाचा फोनही तेच वर्णन वाचून दाखवतो.

त्यांनी माझ्यासमोर ‘वर्धा लग्न हॉल’ असं शोधून पाहिलं. त्यांचा हॉल आला नाही. शेवटी फोन खाली ठेवून म्हणाले, करा तुमच्या मनासारखं, फक्त कमान ठेवा.

कमान ठेवते आहे. छोटी आणि न हलणारी.

९ एप्रिल

इथल्या लग्नांचे फोटो नागसेन काढतात. त्यांचा स्टुडिओ पुलगावला आहे. शांत, चाळिशीतले गृहस्थ. त्यांनी गेल्या काही वर्षांचे निवडक फोटो दिले. प्रत्येक लग्नाचं एक पान करते आहे: नवरीचं नाव, तिच्या सासरचं गाव, फोटो. गावांच्या नावांचा शोधात फार उपयोग होतो. सिंदी (रेल्वे) च्या माणसाने हॉल शोधला की सिंदीत दिलेल्या नंदिनीचं लग्न समोर येईल, आणि ओळखीचं नाव दिसलं की माणूस थांबतो. बौद्ध लग्नांच्या पानावर ‘मंगल परिणय’ असं लिहिलं, कारण ती मंडळी तसंच शोधतात.

वर्णनं लिहिणं हे खरं तर कंटाळवाणं काम. पण त्यात एक गंमत असते. फोटो नुसता पाहिला की नजर नवरीवर जाते आणि तिथेच राहते. शब्दांत लिहायचा म्हटला की कोपरे बघावे लागतात. आज कोपऱ्यांत मला एक म्हातारी सापडली. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. पोपटी लुगडं, हातात साधासा मोबाइल घट्ट धरलेला, मान किंचित पुढे. नंदिनीच्या लग्नात आहे, मयुरीच्या लग्नात आहे, एका मंगल परिणयातही आहे. जेवायला येणारी शेजारीण असेल. मी लिहिलं: ‘मागच्या रांगेत बसलेली वृद्ध स्त्री’. छान वाटलं तिला जागा देताना.

१२ एप्रिल

आज गोपिकाबाईंना वापरायला बसवलं. नवीन साइट बनवली की मी नेहमी अशा कुणाला तरी बसवते आणि गप्प राहून बघते. त्यांनी बोटाने सगळे फोटो सरकवले आणि शेवटी म्हणाल्या, “पोरी, फोटू चांगले हायेत, पन नंबर कुठी हाय?”

नंबर वर होता, पण पांढऱ्यावर सोनेरी अक्षरात. माझीच चूक, कमानीच्या नादात. आता काळ्या अक्षरात मोठा केला.

टाइप करणंही त्यांना जमेना. म्हणून शोधायच्या चौकटीशेजारी माइकचं बटण दिलं. दाबा आणि बोला. त्या खूश झाल्या, बटण दाबून “पुरनपोळी” म्हणाल्या आणि आमच्या मेनूचं पान उघडलं. आम्ही दोघी खूप हसलो.

१५ एप्रिल

काल पुलगावात जयंतीची मिरवणूक होती, नागसेन दिवसभर तिथे. आज उरलेले फोटो घेऊन आले. मी सहज त्या बाईबद्दल विचारलं.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मग हा कोणत्या लग्नाचा, असं विचारलं. मी म्हटलं, नंदिनीच्या, गेल्या हिवाळ्यातला. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

“ते त वारली ताई. या लग्नाच्या किती आंधी.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. बाईचं नाव देवकाबाई. इथलीच, मळ्यात वांगी-पालक लावायची आणि पुलगावच्या बाजारात विकायची. नवरा नव्हता, एकच मुलगी, गुंजन. तिला बाहेरगावचं स्थळ आलं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नाही, उलट हॉलचंही आम्ही बघतो म्हणाले. लग्न याच हॉलमध्ये लागलं. गाडी नवरीला घेऊन गेली, आणि त्यानंतर गुंजनचा फोन कधी लागलाच नाही. दिलेला पत्ता खोटा निघाला. त्या गावात त्या नावाचं कुणी नव्हतं.

तेव्हापासून देवकाबाई इथल्या प्रत्येक लग्नाला येऊन मागे बसायची. वऱ्हाडात त्या लोकांपैकी कुणी दिसतं का बघायची, आणि जाताना नवरीचा चेहरा बघून जायची. कुणी हाकललं नाही. एका लग्नात अशीच बसलेली होती. लग्न लागलं, पंगती उठल्या. खुर्च्या गोळा करायला गेले तेव्हा कळलं की ती बसल्या जागीच गेली आहे.

मी म्हटलं, फोटोंच्या तारखा चुकल्या असतील, जुने-नवे मिसळले असतील. नागसेन हो म्हणाले. दोघांनाही ते पटलेलं नव्हतं.

१७ एप्रिल

साइट सुरू झाली. शोधात वर येते आहे. मनोहरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

आतल्या चौकटीत लोक काय शोधतात ते मला मागच्या बाजूने दिसतं. भाडं. पार्किंग. एसी आहे का. आणि आज बरेचदा, माइकवरून बोललेलं: ‘गुंजन कुठी हाय’.

कुणीतरी त्या घरातलं, नात्यातलं असेल असं मी धरून चालले. प्रत्येक वेळी उत्तर कोरं: ‘काहीही सापडलं नाही’. मला ते पान कधीच आवडत नाही. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, निदान जवळचं काहीतरी दाखवावं, हे मी नव्या मुलांना नेहमी शिकवत आले. संध्याकाळी तसा बदल केला. आता नेमकं उत्तर नसेल तर साइट जवळचं उत्तर देते. गुंजन विचारलं की आधी नंदिनीचं पान येतं.

२० एप्रिल

सकाळी हॉलच्या नंबरवर सिंदीहून फोन आला. नंदिनीची सासू. मनोहरराव बाहेर होते म्हणून मी घेतला.

त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. परवा भर दुपारी एक म्हातारी अंगणात आली. पोपटी लुगडं. नंदिनी कपडे वाळत घालत होती. म्हातारीने तिची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, नीट पाहिला आणि म्हणाली, “नोहे.” बस. पाणी विचारलं तर थांबली नाही. पोरगी तेव्हापासून अंथरुणावर आहे, एवढ्या उन्हाळ्यात कुडकुडते, म्हणते ती बोटं बर्फासारखी होती. सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडून आमच्या गावाचं नाव कुणाला दिलं का?

मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मीच दिलंय. सगळ्यांना.

शोधांमध्ये पाहिलं. परवा दुपारी, माइकवरून: ‘हे नोहे’. त्याच्या खाली पुन्हा: ‘गुंजन कुठी हाय’. जवळचं दुसरं उत्तर: मयुरी, वर्धा.

२१ एप्रिल

मयुरीच्या भावाचा फोन. तेच. ती वर्ध्याला बँकेच्या रांगेत उभी होती, माणसांनी भरलेल्या. बाकी कुणाला काही दिसलं नाही. तिलाही ताप.

मी सगळ्या पानांवरून गावांची नावं काढली. शोधायची चौकटही काढली.

नंतर फोटो उघडले, त्या बाईचं वर्णन पुसायला. वर्णन होतं, ‘मागच्या रांगेत बसलेली वृद्ध स्त्री’. फोटोत दाराजवळची खुर्ची रिकामी होती. नंदिनीच्या लग्नात रिकामी, मयुरीच्या लग्नात रिकामी. मी लिहिलेले शब्द तेवढे तिथे होते.

२३ एप्रिल

मनोहरराव चिडले. गावं काढल्यामुळे साइट शोधात खाली घसरली, कालपासून चौकशीचा फोन नाही. मी त्यांना खरं कारण सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, त्या बाईचं डोकं फिरलं होतं, मेल्यावर काय करणार. मी विचारलं, गुंजनच्या सासरचे कोण होते? म्हणाले, आपण हॉल देतो मॅडम, माणसाची चौकशी नाही करत. कोण कुठचे, मी तर त्यांचं तोंडही पाहिलं नाही.

गोपिकाबाई वाढत होत्या. गुंजनचं नाव निघालं तशा ताट तिथेच ठेवून आत गेल्या आणि परत आल्या नाहीत.

चौकट साइटवर नाही. मागच्या बाजूला शोध अजून येताहेत.

२५ एप्रिल

दुपारी जेवून पडले होते. कूलर चालू. डोळा लागला असेल नसेल —

हनुवटीखाली बोटं. थंड. मातीचा आणि मेथीच्या जुडीचा वास. चेहरा कुणीतरी खिडकीकडे वळवला, अगदी हलक्या हाताने, जशी आई वळवते. मला डोळे उघडता आले नाहीत. उघडायचेच नव्हते.

“हेही नोहे.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

साइटच्या तळाशी बारीक अक्षरात आहे: रचना — सुरभी, नाचणगाव. सगळ्या नवऱ्या संपल्यावर जवळचं उत्तर मी.

२६ एप्रिल

अंगात कणकण. तरी ऑटो करून नागसेनांच्या स्टुडिओत गेले. म्हटलं, गुंजनच्या लग्नाचे फोटो हवेत. ती एकटीच साइटवर नाही म्हणून बाकीच्यांचे चेहरे तपासले जाताहेत. नंदिनी अजून उठलेली नाही.

त्यांनी आधी स्टुडिओचं दार लावलं, मग सांगितलं. त्या वेळी चौकशीला पोलीस आले, तेव्हा मनोहररावांनी परस्पर सांगितलं होतं की फोटोग्राफरचं कार्ड खराब झालं, एकही फोटो उरला नाही. नागसेनांना फोटो नष्ट करायला सांगितलं. त्यांनी केले नाहीत, पण बोललेही नाहीत. हॉलची सगळी कामं मनोहररावांकडून येत होती.

पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना त्यांनी एवढंच म्हटलं, “मी कितीदा पाह्यले ताई. मले काही दिसत नाई त्यात.”

२७ एप्रिल

मी नुसते पाहिले नाहीत. लिहायला बसले. एकेक फोटो, कोपऱ्यापासून.

गुंजन गोरीशी, घाबरलेली, मेंदी कोपरापर्यंत. शेजारी तिची आई, पोपटी लुगड्यात, हसते आहे. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग अंतरपाटाचा फोटो. नवरीच्या मागे तिचा मामा. नवरदेवाच्या मागे त्याचा मामा उभा, फेटा बांधून, कपाळाला गंध, फेट्याचा शेमला तोंडावरून गुंडाळून घेतलेला. नागसेनांना तो फक्त फेटा दिसत होता. मी हात लिहायला घेतले. उजव्या हातात जाड कडं, अंगठ्याच्या नखावर काळा डाग. ते नख मी रोज जेवताना बघते.

मनोहरराव. ज्यांनी त्या लोकांचं तोंडही पाहिलं नाही, ते त्यांच्याकडून मामा म्हणून उभे होते.

म्हणजे स्थळ यांनीच आणलं. हॉल यांनीच दिला. मुलगी —

सरळ पोलिसांकडे जावं. उद्या नागसेनांना घेऊन जाणारच. पण उद्यापर्यंत कुणाची हनुवटी —

पान केलं. गुंजन. सगळे फोटो चढवले. अंतरपाटाच्या खाली लिहिलं: ‘नवरदेवाचा मामा म्हणून उभे असलेले मनोहरराव, या कार्यालयाचे मालक’. शोधायची चौकट पुन्हा लावली. माइकही.

२८ एप्रिल, सकाळी

नंदिनीच्या सासूचा फोन. पोरगी उठून बसली, चहा प्यायली. ताप नाही.

शोध पाहिले. ‘गुंजन कुठी हाय’ थांबलंय. त्याच्या जागी एकच —

‘मनोहरराव कुठी हाय’

आणि त्याखाली, ‘इथे कसे यावे’ हे बटण दाबल्याची नोंद. ते बटण मीच मोठं केलं होतं. म्हाताऱ्या माणसांना दिसावं म्हणून.

नागसेन पोलिसांकडे निघालेत. मला इथेच थांबा म्हणाले, दार लावून.

दुपारी

मनोहररावांनी पान पाहिलं. जिना चढून आले, दार ठोठावलं. आधी मॅडम, मग शिव्या, मग खांद्याने धक्के. कडी वाकली आहे. पलंग ओढून लावलाय.

थांबले. मधेच. जणू कुणी मागून हाक मारली.

खाली गेले.

आज लग्न नाही. हॉल रिकामा आहे. तरी खुर्च्या ओढल्याचा आवाज — एक खुर्ची. मागच्या बाजूची, दाराजवळची. मग पुढची. मग आणखी पुढची —

गोपिकाबाई अंगणात उभ्या आहेत. खिडकीतून दिसताहेत. हॉलकडे तोंड करून. आत जात नाहीत. पदर तोंडात —

मनोहरराव बोलताहेत. कुणाशी? दुसरा आवाज नाही. आधी दटावणं. मग — रडतोय तो. मोठा माणूस, लहान पोरासारखा —

“सांगतो ना बाई. सांगतो तुले. जिती हाय ते. जिती हाय —”

जिवंत आहे. गुंजन जिवंत आहे.

नावं सांगतोय. राज्य. तालुका. गाव. घर कोणाचं. ओरडून सांगतोय, पुन्हा पुन्हा. सगळं ऐकू आलं. सगळं लक्षात —

आवाज बंद झाला. एकदम. कूलरही. लाइट गेले.

जिन्यावर पावलं. त्याची नाहीत. चपला नसलेली, हलकी. सावकाश —

पलंग जागचा हलला नाही. कडी वाजली नाही.

मेथीचा वास.

माझ्याजवळ उभी आहे. वहीकडे बघते आहे. थंडी इतकी की अक्षर — बघते आहे, पण नजर ओळीवर फिरत नाही. तिला वाचता येत नाही. राज्य, तालुका तिला काय कळणार. कोणत्या गाडीने जायचं, कुठे उतरायचं. माझ्याकडे बघते आता. हनुवटीखाली बोटं —

घाबरू नये. विचारते आहे ती. फक्त विचारते आहे. लिहून भागणार नाही. पेन ठेवते आणि तोंडाने सांगते. देवकाबाई, ऐका, इथून पुलगाव स्टेशन, तिथून —